अर्धवट नोंदी

“मॅडम, आवाज येतोय का?”

“तुमचा कमी आणि वाऱ्याचा जास्त येतोय. जरा भिंतीच्या आडोशाला बसा.”

“मी भिंतीवरच बसलोय, मॅडम. आडोसा खाली आहे, पण तिथं नेटवर्क नाही.”

विश्वंभर काळदात्यांशी माझं पहिलं बोलणं झालं ते असं. ते पाटबंधारे खात्यात अभियंता होते, भूमच्या पुढे डोंगरातल्या एका धरणावर नेमणुकीला. मोबाइलला सिग्नल हवा असेल तर धरणाच्या भिंतीवर चढून मधोमध जाऊन बसायचं, एवढाच उपाय. मी होते बार्शीला, भगवंताच्या देवळामागच्या गल्लीत, प्रभाकाकूंच्या वधूवर सूचक मंडळाच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. त्यांना अकरा वाजता एक मुलगी बघायची होती आणि हे गृहस्थ पावणेअकरालाच हजर.

“अजून पंधरा मिनिटं आहेत,” मी म्हटलं.

“माहीत आहे. इथं कधी लागतं, कधी लागत नाही. म्हणून आधीच येऊन बसलो.”

टाळेबंदीचं वर्ष होतं. कांदेपोह्यांचे कार्यक्रम बंद पडले होते, पण लग्नं जमायची काही थांबत नाहीत. काकूंच्या पुण्याच्या भाच्यानं भेटी ठरवायचं एक ॲप्लिकेशन आम्हाला लावून दिलं. इंटरनेटवर आमचं पान उघडायचं, वार आणि वेळ निवडायची, ज्या मुलीला भेटायचं तिचा आमच्या यादीतला क्रमांक टाकायचा, की दोन्हीकडे लिंक जायची. भेट अर्ध्या तासाची. माणसं आधी आली तर ती बाहेर थांबायची, आणि मी ‘आत घ्या’ दाबलं की मग एकमेकांसमोर यायची. पहिली पाच मिनिटं मी दोन्हीकडची ओळख करून द्यायची आणि मग बाजूला व्हायचं, हा काकूंचा दंडक. काकू निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या दंडकांना मंडळात कायद्याचा मान होता.

दुसरा दंडक असा, की मंडळात काम करणाऱ्या मुलीचं नाव मंडळाच्या यादीत नसायचं. माझ्याआधी इथं काम करणाऱ्या एकीनं आलेलं चांगलं स्थळ परस्पर स्वतःलाच जमवून टाकलं होतं. त्यावरून गावात एवढी बोलणी झाली की काकूंनी कानाला खडा लावला. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. माझं वय तेव्हा पस्तीस, आणि माझं नाव मी सगळ्याच याद्यांमधून केव्हाच काढून घेतलं होतं.

त्या रविवारच्या मुलीनं विचारलं, “बदली कधी होईल?” काळदाते म्हणाले, “सांगता येत नाही.” संपलं. तिच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी नकार कळवला.

पुढच्या रविवारी पुन्हा पावणेअकरा, पुन्हा भिंत, पुन्हा वारा.

“दोन वर्षांत बदली होईल असं सांगून टाका की,” मी म्हटलं.

“आणि नाही झाली तर?”

“तोवर लग्न झालेलं असेल.”

ते मोठ्यानं हसले. “मॅडम, तुम्ही फार धोकादायक बाई आहात.”

सगळं जग मला ताई म्हणायचं. मुलींचे बाप, मुलांच्या आया, साठीचे विधुरसुद्धा. हा एकटा माणूस मॅडम म्हणायचा. काकूंनी एकदा आतल्या खोलीतून ऐकलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

दोन-अडीच महिन्यांत त्यांच्या नऊ भेटी मी लावल्या. नऊ वेळा पंधरा पंधरा मिनिटं. त्यात ते मला सांगायचे, की धरणाच्या दरवाज्याच्या लोखंडी चाकात मुंगसानं घर केलंय. स्वयंपाकाला येणारे आजोबा रोज पिठलंच करतात आणि रोज विचारतात, आज काय करू. पाण्याची पातळी वहीत लिहायला गेलं की वही वाऱ्यानं उडते, म्हणून तिच्यावर दगड ठेवतात आणि तो दगडही आता सरकारी दप्तरात जमा झालाय. मी हसून हसून बेजार व्हायची. मग अकराला दोन मिनिटं कमी असताना मी डोळे पुसायची, आवाज सरळ करायची, आणि कुणा तरी मुलीला आत घेऊन म्हणायची, “नमस्कार. हे विश्वंभर काळदाते.”

सहाव्या की सातव्या रविवारी त्यांनी विचारलं, “तुमचं का झालं नाही, मॅडम?”

कुणी विचारलं की मी उडवून लावायची. त्या दिवशी नाही लावलं. माझी सुपारी फुटल्यावर आठव्या दिवशी आमचे अण्णा, माझे वडील, गेले. मुलीचा पायगुण म्हणून त्या लोकांनी नारळ परत पाठवला. तीन वर्षांनी दुसरं जमलं. तो मुलगा दुबईला गेला तो तिथूनच दुसरीकडे लग्न करून आला, आणि आम्हाला पत्रिका पाठवली. हे सगळं मी धरणाच्या भिंतीवर बसलेल्या, वाऱ्यानं केस उडणाऱ्या माणसाला सांगितलं. आईशीसुद्धा मी हे कधी नीट बोलले नव्हते.

ते वाईट झालं म्हणाले नाहीत की देवाच्या मनात असेल तसं म्हणाले नाहीत. मोबाइल या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाले, “आज डब्यात काय आणलंय?”

“शेंगाची चटणी आणि भाकरी.”

“नशीबवान आहात. माझं पिठलं वाट बघतंय.”

मला ते आवडायला लागले होते. हे आडून सांगण्यात काही अर्थ नाही. रविवारी सकाळी मी साडी बदलून बदलून नेसायची आणि आई म्हणायची, मंडळात कुणाचं लग्न आहे का आज. दर सोमवारी मी ठरवायची, की काकूंना सांगायचं. काकू, तुमचा दंडक मोडायचा आहे. दर सोमवारी काकूंसमोर चहाचा कप ठेवायची आणि शुक्रवारची यादी काढू का, असं विचारून परत यायची. आपणच मागणी घालून तिसऱ्यांदा तोंडावर पडायची ताकद माझ्यात नव्हती. त्यांच्या मनात काय आहे ते कळलं असतं तर मी पाण्यातही उडी मारली असती. पण ते कसं कळावं? ते तर माझ्याच हातून दर रविवारी नवी मुलगी बघत होते.

शुक्रवारची यादी म्हणजे अर्धवट नोंदींची यादी. ॲप्लिकेशनवर लोक काय वाटेल ते करायचे. कुणाचे आजोबा वेळ निवडून मुलीचा क्रमांक टाकायलाच विसरायचे. कुणाची लहान बहीण गंमत म्हणून बटणं दाबायची. क्रमांकाची जागा रिकामी असली की भेट कुणाशी लावायची तेच कळायचं नाही, आणि वेळ मात्र अडून राहायची. दर शुक्रवारी संध्याकाळी मी अशा सगळ्या रिकाम्या नोंदींवर खुणा करायची आणि एका दमात रद्द करायची. यादीत नुसते वार आणि वेळा दिसायच्या, नाव नोंद उघडल्यावरच. तीस-चाळीस असायच्या. रद्द झाल्या की नोंद करणाऱ्याला काकूंनी लिहून ठेवलेला निरोप आपोआप जायचा. शुद्ध मुख्याध्यापिकेचा निरोप होता तो: ‘आपला मान राखून कळवण्यात येते की ही भेट होऊ शकत नाही. कृपया कारण विचारू नये. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’

कारण विचारू नये, हे काकूंनी मुद्दाम घातलं होतं. नाही तर लोक फोन करकरून जीव खायचे.

श्रावण लागायच्या सुमारास काळदात्यांची नोंद यायची थांबली. एक रविवार गेला. पावणेअकराला मी सवयीनं हेडफोन लावून बसले आणि पडद्याकडे बघत राहिले. दुसरा रविवारही कोरडा गेला. फोन करावा म्हटलं, तर काय निमित्तानं करायचा? मंडळाकडून नोंद नाही केली म्हणून कुणाला फोन जात नाही.

तिसऱ्या आठवड्यात आईला घेऊन मी दोन दिवस सोलापूरला दवाखान्यात होते. परत आले तर काकू खुशीत होत्या.

“शैले, काळदाते आणि आपली उज्ज्वला. गुरुवारी मीच लावली भेट. पाऊण तास बोलत होते दोघं! रविवारी अकराला मोठ्यांसकट पक्की बैठक. तू आहेस न्हवं?”

“आहे,” मी म्हटलं.

उज्ज्वला तोडकर. लहानपणी स्टोव्हचा भडका उडून तिचा डावा गाल आणि मान भाजली होती. बालवाडीत शिकवायची. घरी नेटवर्क नव्हतं, म्हणून भेटीसाठी मंडळातच येऊन आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर बसायची. बावीस भेटी झाल्या होत्या तिच्या. काही लोक तर तिचा चेहरा दिसल्याबरोबर नेटवर्क गेल्यासारखं करायचे. पहिल्या पहिल्यांदा मी दिवा उजवीकडे ठेवायची, म्हणजे डावी बाजू अंधारात जावी. एक दिवस ती म्हणाली, “ताई, दिवा सरळ लावा. पुढं कळण्यापेक्षा आत्ताच दिसू दे.” तेव्हापासून दिवा सरळ असायचा. मला ती मुलगी मनापासून आवडायची, आणि हीच सगळ्यांत वाईट गोष्ट होती.

रविवारी ती वडिलांना आणि मामांना घेऊन साडेदहालाच आली. मोतिया रंगाची साडी, केसांत शेवंती. आत जाताना माझ्या टेबलाशी थांबली.

“ताई, गुरुवारी मी त्यांना म्हटलं, माझा गाल बघून घ्या नीट. ते म्हणाले, वारा आहे, कॅमेरा हलतोय, पण तुम्ही हसता ते दिसतंय.” ती लाजली. “मी आता कुणासमोर बसणार नव्हते. काकूंनी शप्पथ घातली म्हणून बसले. आज त्यांनी नको म्हटलं तर मात्र खरंच संपलं, ताई.”

“नको म्हणणार नाहीत,” मी म्हटलं. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

ती आत गेली, दार लोटलं. मी हेडफोन लावला. पावणेअकरा. पडद्यावर नाव उमटलं: विश्वंभर काळदाते, बाहेर थांबले आहेत. त्याखालीच दुसरं उमटलं: उज्ज्वला तोडकर आणि कुटुंबीय, बाहेर थांबले आहेत. मी फक्त पहिल्याला आत घेतलं.

त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मागे पाणी भिंतीला लागलं होतं, धरण भरत आलं होतं.

“बऱ्याच दिवसांनी,” मी म्हटलं.

“हो, मॅडम.” ते जरा घुटमळले. “आत्ता दुसरं कुणी ऐकत नाही ना?”

“नाही.”

“त्या नोंदीबद्दल माफी मागायची होती. तसं लिहायला नको होतं मी. तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असेल.”

“कुठली नोंद?”

ते कसंनुसं हसले. “असू द्या. विसरलात तेच बरं झालं.”

मी दुसरी खिडकी उघडली. रद्द झालेल्या नोंदी. त्यांचं नाव टाकलं. दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारची नोंद, अकरा वाजता. मुलीच्या क्रमांकाची जागा रिकामी. शुक्रवारी चाळीसभर रिकाम्या नोंदींबरोबर खूण करून मी ती रद्द केली होती, उघडूनसुद्धा न बघता. मी ती आता उघडली. खाली सूचनेच्या चौकटीत त्यांनी लिहिलं होतं:

‘मुलीचा क्रमांक टाकता येत नाही कारण ती यादीत नाही. भेटी लावणाऱ्या शैलजा मॅडमशीच अर्धा तास बोलायचं आहे. विषय त्यांना कळेल. त्यांची इच्छा नसेल तर ही नोंद रद्द करावी. मी समजून जाईन.’

कानात त्यांचं बोलणं चालूच होतं. “तुम्ही रद्द केली, मी समजलो. मीच तसं लिहिलं होतं, त्यामुळं राग धरायचा प्रश्नच नाही. निरोपात कारण विचारू नये असं होतं. म्हणून पंधरा दिवस विचारलं नाही. पण आज मी होकार देणार आहे. तोडकरांची मुलगी फार चांगली आहे. मी म्हटलं धरणावर राहावं लागेल, तर म्हणाली मग पोहायला शिकवा. तिला हो म्हणायच्या आधी तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, मॅडम. माझं काही चुकलं होतं का?”

पडद्याच्या कोपऱ्यात दहा बावन्न झाले होते. आठ मिनिटं माझ्या हातात होती. मी नोंद वाचलीच नव्हती, एवढं म्हणायला आठ सेकंदही लागले नसते. शब्द तोंडाशी आलेही होते. भिंतीपलीकडे उज्ज्वलाचे मामा काही तरी बोलले आणि ती हसली. बांगड्या वाजल्या.

“तुमचं काही चुकलं नाही,” मी म्हटलं. “माझंच मन नव्हतं.”

त्यांनी मान वळवून पाण्याकडे बघितलं. मग मान हलवली. “बरं. सांगितलंत ते बरं केलंत. आता मोकळ्या मनानं बसता येईल.”

हे मी उज्ज्वलासाठी केलं, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता, हे खरंच आहे. पण आज तिला मुलगा आहे, त्यांची बदली नांदेडला झाली, माझे केस पिकले, आता खोटं कुणासाठी बोलू? मी भ्याले. मी खरं सांगितलं असतं आणि ते म्हणाले असते की मॅडम, आता उशीर झाला, तर? दोन वेळा लोकांनी मला नाकारलं होतं. तिसऱ्यांदा ते ऐकण्यापेक्षा मीच नाही म्हणून मोकळी झाले. त्यांना उशीर झाला होता की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. रोज नाही, पण अजूनही कधी भाकरी थापताना ते आठवतं आणि हात थांबतो.

अकरा वाजले. मी ‘आत घ्या’ दाबलं.

उज्ज्वला, तिचे वडील, मामा, काकू, सगळे एका चौकटीत दाटीवाटीनं बसले होते. दुसऱ्या फोनवरून औशाहून काळदात्यांचे थोरले भाऊ आणि आई आले. पहिली पाच मिनिटं माझी. मी सुरुवात केली.

“नमस्कार. हे विश्वंभर काळदाते. खोटं बोलत नाहीत. बदली कधी होईल विचारलं तर माहीत नाही असंच सांगतात. कुणी दुखरं काही सांगितलं तर उपदेश करत नाहीत, जेवलात का विचारतात. पिठल्याला कंटाळलेत, पण आजोबांना वाईट वाटेल म्हणून रोज खातात. यांच्याबरोबर राहणाऱ्या माणसाला हसायला कमी पडणार नाही.”

मग उज्ज्वलाचे मामा म्हणाले, “ताईंनी तर पार जन्मपत्रिकाच मांडली की!” आणि सगळे हसले. तेही हसले, पण मान खाली घालून. मी “आता तुम्ही बोला” म्हटलं आणि बाहेर पडले. अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. माझं एक मिनिट शिल्लक राहिलं.

बैठक बाराला संपली. होकार झाला, तारीखही काढली. तोडकर मंडळी नमस्कार करून गेली. उज्ज्वलानं जाताना माझा हात घट्ट धरला आणि सोडेचना. त्यानंतर काकू साडीच्या पदरानं वारा घेत माझ्यासमोर येऊन बसल्या.

“काय ओळख करून दिलीस गं! मुलाची आई डोळे पुसत होती.”

“होय का?”

“एक सांगू?” काकूंनी चष्मा काढला. “मला वाटायचं, तो तुझ्यासाठीच लवकर येऊन बसायलाय. मी तर मनात धरून चालले होते. त्याची ती नोंदपण बघितली मी. रद्द झालेली प्रत्येक नोंद माझ्या फोनवर येती, सगळ्या मजकुरासकट.”

मी टेबलाची कड धरली.

“मग मला विचारलं का नाहीत?”

“विचारणार होते गं. दंडकाचं काय, मीच केलेला, मीच मोडला असता, तुझ्या लग्नात मीच अक्षता वाटल्या असत्या. पण बघितलं तर तू सरळ रद्द केलेलं. म्हटलं, पोरगी दोनदा पोळलीय, तिचं मन नसेल. परत विचारून तिला कशाला ओशाळं करायचं? म्हणून दहा दिवस थांबले, आणि मग उज्ज्वलाचं स्थळ त्याला सुचवलं.” त्या पुढे वाकल्या. “बरोबर केलं न्हवं मी? तुझं मन नव्हतंच की?”

खाली कुणी तरी स्कूटर चालू करत होतं. बहुतेक उज्ज्वलाचे वडील असावेत. ती बराच वेळ चालू होईना.

“नव्हतं, काकू,” मी म्हटलं.

“मग रडायलीस कशाला?”

“उज्ज्वलाचं जमलं म्हणून.”

काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. “येडी गं तू. दुसऱ्याच्या पोरीसाठी कुणी एवढं रडतं का?” त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.